हिशेबाचा तास

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र विद्यालयाकडून आले, तेव्हा पहाटेच्या वंदनेवर किंवा वसतिगृहातील दिवाळीवर लिहावे असे प्रथम वाटले. परंतु त्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. मी लिहिणार आहे ते कर्जाविषयी. आपल्याकडे लोक आजाराविषयी बोलतात, कोर्टकचेरीविषयी बोलतात. कर्जाविषयी मात्र नवरा-बायकोही एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत. आमच्या घरावर एकेकाळी 5 लाख 70 हजार रुपयांचे कर्ज होते. ते फिटले. फेडण्याची रीत आम्हाला याच विद्यालयात, अगदी लहानपणी शिकवली गेली होती. ती आम्ही विसरलो होतो, एवढेच.

1986 साली पाचवीत मी वसतिगृहात दाखल झाले. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने कापूस वेचायला जाई. भेटायला आली की पदराच्या गाठीतून दहा-पंधरा रुपये काढून ती अधीक्षक सरांच्या स्वाधीन करी. प्रत्येक मुलाचे असे पैसे सरांकडे जमा असत आणि लागतील तसे मिळत. अट एकच होती. खर्च चाळीस पानी वहीत लिहायचा आणि शनिवारी सायंकाळच्या वंदनेनंतर सर्वांसमोर वाचायचा. त्याला आम्ही ‘हिशेबाचा तास’ म्हणत असू. कोणी वाचताना कोणी हसायचे नाही, आणि ‘का घेतलेस’ असे कोणी विचारायचे नाही, हा त्या तासाचा नियम होता. विचारायचे ते एवढेच की, शिल्लक किती?

सहावीत असताना मी बाजारातून ऐंशी पैशांची लाल रिबीन घेतली. आईच्या घामाच्या पैशांची रिबीन घेतली हे सर्वांसमोर वाचवेना, म्हणून वहीत ‘पोस्टकार्डे’ असे लिहिले. सरांनी शांतपणे विचारले, “पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळते. ऐंशी पैशांत किती आली, आणि वर किती उरले?” मला उत्तर देता आले नाही. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळ, रिबीन घेतलीस यात काही वाईट नाही. रिबीन असे लिही. खोटा आकडा लिहिला की पुढची सगळी बेरीज चुकते.” मी ‘पोस्टकार्डे’ खोडून ‘रिबीन’ लिहिले. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे सत्तावीस वर्षे लागली.

विवाहानंतर आम्ही चिंचवडला स्थायिक झालो. यजमान एका कारखान्यात ठेकेदाराकडे पर्यवेक्षक, मी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका. दोघांचे मिळून 43 हजार रुपये घरात येत. गावाकडच्या मानाने ते पुष्कळ होते आणि पुष्कळ आहे असे दिसणेही आम्हाला आवश्यक वाटत होते. धाकट्या दिराचे लग्न थाटात झाले. सासऱ्यांची शस्त्रक्रिया झाली. मोठा दूरदर्शन संच आणि फोन हप्त्यांवर आले. यातली शस्त्रक्रिया सोडली तर बाकीचे टाळता आले असते, हे आज सांगणे सोपे आहे. परंतु त्या खर्चामागे निव्वळ हौस नव्हती. आपल्या आजी-आजोबांना चांगले कापड अंगावर घालण्याचीही मुभा नव्हती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जुन्या गुलामगिरीची खूण दाखवणारा पेहराव टाकून देण्यास सांगितले, तो काळ फार दूरचा नाही. ज्यांच्या घरी काटकसर हा नाइलाज होता, त्यांच्या मुलांना हाती पैसा आल्यावर काटकसरीलाच जुन्या दारिद्र्याचा वास येतो. लग्नात तीनशे पाने उठली की वाटते, आता आपण कोणापेक्षा कमी नाही. मलाही तसेच वाटत होते.

2014 च्या उन्हाळ्यात माजी विद्यार्थी मेळाव्याला मी आले. इमारत निधीसाठी एकेक जण उठून आकडा सांगत होता. मीही उठले आणि 5 हजार म्हणाले. टाळ्या झाल्या. ते पैसे मी क्रेडिट कार्डावरून रोख काढून भरले. अशा रोख रकमेवर काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते, हे मला ठाऊक होते. दान देतानाही मी वहीत ‘पोस्टकार्डे’ लिहीत होते.

मेळाव्याहून परतताना गाडीत शेजारी माझी वर्गमैत्रीण होती. ती पिंपरीला राहते आणि एका पतसंस्थेत लिपिक आहे. माझा फोन तीनदा वाजला आणि तीनदा मी तो बंद केला. तिने विचारले, “वसुलीवाले?” मी मान हलवली. ती म्हणाली, “माझ्याकडेही येतात.” लोणावळा येईपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो.

जुलैच्या पहिल्या रविवारी तिच्या घरी आमची पहिली बैठक झाली. परिसरात राहणारी, याच विद्यालयात शिकलेल्यांची चार कुटुंबे होती. नियम आम्ही जुनेच घेतले: आकडा खरा सांगायचा, कोणी हसायचे नाही, ‘का’ विचारायचे नाही. त्यांत तीन नवे जोडले. नवरा-बायको दोघांनीही यायचे. घरातले बोलणे घराबाहेर न्यायचे नाही. आणि आपसांत कोणी कोणाला उसने द्यायचे नाही, कारण बुडणाऱ्याने बुडणाऱ्याच्या गळ्यात हात टाकला तर दोघेही तळाला जातात. यजमानीण फक्त चहा देईल, हेही ठरले.

त्या दिवशी आम्हा दोघांना वेगवेगळ्या कागदांवर कर्जाची यादी करायला सांगितले. माझी बेरीज 4 लाख 90 हजार आली, यजमानांची 5 लाख 8 हजार. कार्डाचे 62 हजार मी त्यांच्यापासून लपवले होते. त्यांनी एका खाजगी माणसाकडून शेकडा पाच दराने घेतलेले 80 हजार माझ्यापासून लपवले होते. खरी बेरीज दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हती. घरी परततानाचा तो रिक्षातला अर्धा तास आमच्या संसारातील सर्वांत कठीण होता. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला झोप लागली.

पुढचे काम हिशेबाचे होते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के. 80 हजारांवर दरमहा 4 हजार केवळ व्याजाचे जात आणि मुद्दल जागचे हलत नसे. कार्डाचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक होते, आणि तीन टक्के धरले तरी चक्रवाढीने वर्षाला ते बेचाळीस टक्क्यांच्या वर जाते. मैत्रिणीने आणखी एक गोष्ट शिकवली. ‘फ्लॅट’ बारा टक्के ऐकायला स्वस्त वाटते. परंतु लाख रुपये दोन वर्षांसाठी घेतले, तर मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज पूर्ण लाखावरच मोजले जाते. हप्ता 5,167 रुपयांचा बसतो, आणि घटत्या शिलकेच्या हिशेबाने तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास भरतो. तेव्हापासून आमच्यापैकी कोणीही दर कसा मोजता हे विचारल्याशिवाय सही केलेली नाही.

सर्वांत महाग कर्ज आधी फेडायचे असे ठरले. मला मात्र नणंदेचे हातउसने 50 हजार प्रथम द्यायचे होते, कारण तिच्यासमोर मान खाली जात असे. बैठकीत सर्वांनी समजावले, की ज्यावर व्याज नाही ते शेवटी द्यावे, पण तोंड चुकवू नये. मी नणंदेकडे गेले, यादी दाखवली आणि कधी देईन ते सांगितले. ती म्हणाली, “वहिनी, पैशांचं काही नाही, तुम्ही यायचं बंद केलं होतं त्याचं वाईट वाटलं.”

माझ्या पाटल्या 1 लाख 10 हजारांना गहाण होत्या. आईने वर्षानुवर्षे पै पै साठवून त्या केल्या होत्या. त्या विकल्या तर गहाण सुटून सावकारही फिटेल, हे कागदावर दिसत होते. हात धजत नव्हता. फोनवर आईला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “सोनं अडीअडचणीसाठीच असतं माय. तुला घातलं ते तुझ्या जिवासाठी, पेटीसाठी नाही.” मैत्रीण सुट्टी काढून सोबत आली. सराफाने गहाणाची रक्कम भरून पाटल्या सोडवल्या. 1 लाख 96 हजार आले. गहाण, त्यावरचे साचलेले व्याज आणि सावकाराचे मुद्दल एवढे जाऊन हाती काहीच उरले नाही. सावकाराचे वाचलेले 4 हजार दर महिन्याला कार्डाकडे वळवले. घरखर्चातून वाचेल ते त्यात घातले. अकरा महिन्यांत कार्ड फिटले आणि यजमानांनी ते कात्रीने कापले.

काटकसर एकट्याने केली तर ती शिक्षा वाटते. चौघांनी केली तेव्हा तिचा भार जाणवला नाही. चार घरांचे वर्षाचे गहू, ज्वारी आणि तूरडाळ हंगामात एकदम बाजारसमितीतून आणली. मुलांच्या शिकवण्या बंद करून एका घरी गणित, दुसऱ्या घरी इंग्रजी सुरू केले. गणवेश आणि पुस्तके मोठ्यांकडून धाकट्यांकडे गेली. आणि काय कापायचे नाही, तेही लिहून ठेवले: मुलांचे शुल्क, पुस्तके, औषधे, आईवडिलांना पाठवायचे पैसे, चौदा एप्रिलची मुलांची कपडे. ती यादी नसती तर आम्ही पहिल्या वर्षीच कंटाळलो असतो.

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा एक कोलिय भगवंतांना विचारतो, की आमच्यासारख्या संसारी माणसांचे याच जन्मी हित कशात आहे? उत्तरात चार गोष्टी येतात: उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समजीविता, म्हणजे आय आणि व्यय यांचा तोल. अल्प मिळकतीवर डामडौल करणारा जसा तेथे दोषी आहे, तसाच भरपूर असून हालात राहणाराही आहे. काटकसरीची भीती वाटणाऱ्या माझ्यासारखीला हे फार मोलाचे वाटले. आणि संसाराच्या हिशेबात मैत्रीला स्थान दिलेले पाहून आमची बैठक मला नव्याने कळली.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. 2016 मध्ये यजमानांचा ठेका पाच महिने बंद होता; तेव्हा आम्ही नवे कर्ज न काढता हप्ते कसेबसे भरले. आमच्यातील एका कुटुंबाने थोरल्या मुलीच्या लग्नासाठी गुपचूप मोठे कर्ज काढले आणि बैठकीला येणे सोडले. तिसऱ्या महिन्यात आम्हीच चहाची भुकटी घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि आपापल्या वह्या वाचल्या. शेवटी त्यांनीही आपली आणली. धाकटीचे लग्न त्यांनी विहारात, मोजक्या आप्तांत लावले. नातेवाइकांनी नावे ठेवली. मुलीने ठेवली नाहीत. त्यांचे कर्ज अजून फिटलेले नाही, पण ते लपलेलेही नाही.

ऑक्टोबर 2017 मध्ये मी नणंदेच्या हाती शेवटचे 10 हजार ठेवले. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक ‘अनणसुख’ आहे, कोणाचे काही देणे नसण्याचे सुख. त्या संध्याकाळी फोन वाजला आणि क्रमांक न पाहता मी तो उचलला. अनणसुख मला तसे भेटले. पुढच्या पगारातून मी इमारत निधीला पुन्हा 5 हजार पाठवले. पहिले दान पावतीवर माझे होते, हे खरोखर माझे आहे.

आमची बैठक आजही पहिल्या रविवारी भरते. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की आपल्या गावी, आपल्या वस्तीत विश्वासाची तीन-चार घरे शोधावीत आणि एक चाळीस पानी वही उघडावी. विद्यालयाच्या चालकांना विनंती अशी, की हिशेबाचा तास बंद पडला असल्यास तो पुन्हा सुरू करावा. एखाद्या शनिवारी एखादी मुलगी ‘रिबीन’ असे खरे लिहील आणि तिला कोणी हसणार नाही. पुढे तिच्या संसारात ते उपयोगी पडेल.