मोत्या : चिमूर परिसरातील एका राखणदाराचे चरित्र

चिमूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबात कुत्रा हा हौसेने पाळलेला प्राणी नसतो, तर तो घरच्या कामकऱ्यांपैकीच एक मानला जातो. कोलाऱ्याच्या बाजूने ताडोबाचे जंगल थेट शेतांच्या धुऱ्यांना भिडलेले असल्यामुळे रानडुकरांपासून पीक राखणे आणि बिबट्याची चाहूल वेळेवर देणे ही कामे त्याच्याकडे येतात आणि मोबदल्यात त्याला उरलेला भात, पेज व सपरीतील एक कोपरा मिळतो. बिबट्यापासून त्याला असलेला धोका सर्वांनाच कळतो. डासापासून असलेला धोका मात्र सहसा कुणाच्या गणतीत नसतो. उमा नदीच्या खोऱ्यातील एका घरी सुमारे बारा वर्षे राहिलेल्या मोत्याच्या आयुष्यात हा दुसरा धोका कसा ओळखला गेला, हे त्याच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रकरण होय.

मोत्या गावठी जातीचा, पिवळसर अंगाचा व आखूड केसांचा होता. उन्हाळ्यात तो रांजणाखालच्या ओल्या मातीत खड्डा उकरून पडून राही आणि हिवाळ्यात निवलेल्या चुलीच्या राखेत अंग मुडपून झोपे, त्यामुळे सकाळी त्याची एक बाजू नेहमी करडी दिसे. धान ओंबीवर आले की घरातील कर्ता पुरुष जागलीला जाई आणि मोत्या मचाणाखाली बसून रात्र काढी. बांध्यांत साचलेले पाणी, शेजारची बोडी आणि थोड्या अंतरावरचा मालगुजारी तलाव यांमुळे त्या काळात डासांचा सुकाळ असे. मचाणावरचा माणूस घोंगडी पांघरून घेई, मोत्याला मात्र कान फडफडवण्यापलीकडे उपाय नव्हता. कुत्र्याच्या कानांच्या कडा, नाकाड आणि पोटाचा खालचा भाग येथे केस विरळ असल्याने डास तेथेच बसतात, आणि मोत्याच्या कानांच्या कडा पावसाळाभर बारीक खपल्यांनी भरलेल्या असत.

मध्यम वयात त्याच्या खांद्यापाशी कातडीखाली सुपारीएवढी गाठ दिसू लागली. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्या रक्ताचा ओला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे सूक्ष्म जंतशिशू, ज्यांना शास्त्रीय परिभाषेत मायक्रोफायलेरिया म्हणतात, स्पष्ट दिसले. ‘हत्तीपायाचा जंत’ अशी घरच्यांची पहिली समजूत झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. चंद्रपूर व गडचिरोली हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे असून रात्रीचे रक्त घेणारे आरोग्य कर्मचारी आणि घरोघर गोळ्या खाऊ घालण्याची मोहीम येथील लोकांच्या परिचयाची आहे. कुत्र्यातील जंत याच कुळातले असले, तरी त्यांच्या जाती निराळ्या असतात.

त्यांपैकी सर्वांत घातक तो हृदयजंत, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिस. बाधित कुत्र्याचे रक्त शोषताना जंतशिशू डासाच्या पोटात जातात, उबदार हवेत सुमारे दोन आठवड्यांत तेथे त्यांची वाढ होते आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की ते जखमेवाटे त्याच्या अंगात शिरतात. तेथून ऊतींमधून वाट काढत तीन-चार महिन्यांत ते फुप्फुसाच्या धमन्यांपर्यंत पोहोचतात, सहा-सात महिन्यांत प्रौढ होऊन पिलावळ सोडू लागतात आणि पाच ते सात वर्षे जगतात. प्रौढ मादी शिजलेल्या शेवईसारखी पांढरी व २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. अशा जंतांनी धमन्या तुंबल्या की कुत्रा खोकतो, थोड्या धावण्याने धापा टाकतो, वाळत जातो आणि शेवटी हृदय थकून त्याच्या पोटात पाणी साचते.

मोत्याच्या रक्तातील जंत मात्र हृदयजंत नव्हता. फॉर्मॅलिनमध्ये मिसळलेले रक्त फिरवून तळाशी बसलेला साका रंगवून पाहिला असता जंतशिशूंचे डोके बोथट आणि शेपटी आकडेदार आढळली. हृदयजंताच्या पिलांचे डोके निमुळते व शेपटी सरळ असते. हा कातडीखाली राहणारा डायरोफायलेरिया रेपेन्स होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई व दिल्लीच्या कुत्र्यांतही तो सापडला होता, तर हृदयजंताच्या भारतातील नोंदी मुख्यतः ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या आहेत. रेपेन्स कुत्र्याला क्वचितच मारतो, परंतु डासावाटे तो कधीकधी माणसाच्या कातडीखाली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याखालीही सापडतो, म्हणून त्याचा बंदोबस्त घराच्याही हिताचा ठरतो.

या काळात दोन चुका थोडक्यात टळल्या. हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई दारी आल्या असता घरच्या आजींनी “बाई, आमच्या मोत्याले बी देऊ का एक गोळी?” असे विचारले आणि त्यांनी ठाम नकार दिला. तो योग्यच होता, कारण मोहिमेतील डीईसी हे औषध, हृदयजंताची पिले रक्तात असलेल्या कुत्र्याला दिल्यास, ती पिले एकाएकी मरून प्राणघातक धक्का बसू शकतो. दुसरी सूचना शेजाऱ्याची होती, ती म्हणजे गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन थोडेसे टोचावे. हृदयजंताच्या प्रतिबंधासाठी हेच औषध वापरतात, परंतु दर किलो वजनामागे अवघे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ०.१२ मिलिग्रॅम एवढीच मात्रा लागते. गुरांच्या बाटलीतील एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असल्याने घरच्या सिरिंजने मिलिलिटरचा तो सुमारे ऐंशीवा हिस्सा मोजणे अशक्यच, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांना तर अशी चुकीने दिलेली बरीच जास्त मात्रा मेंदूवर विषासारखी बाधते.

गाठ काढल्यानंतर आणि हृदयजंताची प्रतिजन तपासणी, म्हणजे प्रौढ मादीचे अंश रक्तात शोधणारी चाचणी, नकारात्मक आल्यानंतर मोत्याला दरमहा वजनानुसार प्रतिबंधक गोळी सुरू झाली. ही गोळी डासाला रोखत नाही. मागील महिन्याभरात अंगात शिरलेल्या अळ्या धमन्यांपर्यंत पोहोचण्याआधी मारते, म्हणून खंड पडला की संरक्षणही खंडित होते. घरच्यांनी गुरांची डोणी, जुने टायर आणि कुंड्या आठवड्यातून एकदा कोरड्या करण्याचा नेमही धरला, आणि त्याचा लाभ माणसांनाही झाला. म्हातारपणी मोत्याची नजर अधू झाली, जागलीचे काम तरुण कुत्र्याकडे गेले, परंतु त्याच्या हृदयात जंत कधीच आढळला नाही आणि तो वयाने गेला.

हृदयजंत झाल्यावरही उपचार आहे, पण तो आर्सेनिकयुक्त औषधाच्या इंजेक्शनांचा असून मेलेले जंत फुप्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून, धावू न देता ठेवावे लागते, आणि रानडुकरामागे धावणे हाच ज्याचा धर्म त्या राखणदाराला ते जवळजवळ अशक्य असते. त्याच्या बाबतीत प्रतिबंध हाच खरा उपचार होय. तेव्हा या भागात कुत्रा पाळणाऱ्याने सात महिन्यांपुढील जनावराचे रक्त आधी तपासून घ्यावे, गोळीची मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी आणि डास बारमाही असल्याने ती बाराही महिने चुकवू नये.