टीसीएलचा वास

मेसच्या पाण्याला वास आला की सगळे नाक मुरडतात. मला मात्र बरं वाटतं! मी मढचा. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली की आमची आजी निर्धास्त. पण खाऱ्या, दमट हवेत पोतं उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो, उरते नुसती चुन्यासारखी भुकटी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. १००० लिटर स्वच्छ पाण्याला साधारण २.५ ग्रॅम पुरते. अर्ध्या तासाने लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. म्हणून घरी फोन केला की ‘पावडर टाकली का?’ एवढ्यावर मी थांबत नाही. ‘रंग आला का?’ तेही विचारतो. कॉलरा काही पोत्याची पावती बघत नाही!