आईची भिंत

जूनमध्ये एका सकाळी आई म्हणाली, "तुझ्या भिंतीला ताप आलाय." मी हसलो. पानिपतात त्या दिवसांत पारा 45 अंशांकडे जातो, दुपारी लू वाहते. साताऱ्याहून आलेल्या 78 वर्षांच्या बाईला सगळंच गरम लागणार, असं मी धरून चाललो होतो.

एसीवाल्याने जाळी धुतली, गॅस भरला, पैसे घेतले. खोली तशीच. डॉक्टरांनी आईचा रक्तदाब पाहिला, थायरॉइडची तपासणी लिहून दिली. ती भिंतीबद्दल सांगत होती आणि आम्ही तिला तपासत होतो. शेवटी तिने झेलम एक्सप्रेसचं परतीचं तिकीट काढायला लावलं.

त्यानंतर एकदा पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो, तर आई पलंगाच्या पार दुसऱ्या कडेला अंग चोरून बसलेली. काही न बोलता तिने माझा हात भिंतीला लावला. चहाचा कप धरावा तशी ऊब. हॉलची पश्चिमेची भिंत दिवसभर उन्हात भाजते, तीसुद्धा तोवर निवलेली होती. आणि या भिंतीला तर ऊन कधी दिसतच नाही; तिच्यामागे आहे पाइपांचा डक्ट.

सकाळी प्लंबरला घेऊन डक्टचं दार उघडलं. आमच्या गच्चीवर सगळ्या बिल्डिंगचा मिळून एक सोलर आहे. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून एक छोटा पंप ते पाणी पाइपातून सतत खालीवर फिरवतो. पंपाला टायमर आहे. पण थंडीत कुणीतरी पहाटे गार पाणी येतं म्हणून तक्रार केली, तेव्हा तो काढून पंप थेट जोडला होता. पुढे थंडी सरली, तक्रार सरली, पंप फिरतच राहिला. जूनमध्ये गरम पाणी वापरणार कोण? टाकीत ते तापत जातं आणि रात्रभर आईच्या उशाशी फिरतं. पाइपावरचं आवरणही नेमकं आमच्याच मजल्यावर गळून पडलेलं.

सेक्रेटरी आधी म्हणाले, "सर्दियों में देखेंगे." मी त्यांचाही हात भिंतीला लावला. पंप पूर्ण बंद करता येईना, दुसऱ्या मजल्यावर बाळंतीण होती. मग सकाळी एक तास चालेल असा टायमर पुन्हा बसवला आणि निम्म्या पॅनेलांवर ताडपत्री टाकली. काळा फोम दोन दिवसांनी मिळणार होता. तोवर प्लंबरने पाइपाला इथल्याच घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून, त्यांचं सूत काढून विणलेली ही घोंगडी पानिपतात ढिगाने मिळते.

आई दारातून बघत होती. "भाऊसाहेबांच्या फौजेला इथल्या थंडीत धड पांघरूण नव्हतं म्हणे," ती म्हणाली, "आणि तुम्ही जूनमध्ये पाइपाला घोंगडी घालताय."

भिंत निवायला दीड दिवस लागला. मी मोबाइल काढला आणि तिकीट रद्द करू का म्हणून विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आधी तीन आठवडे सांगत होते, तेव्हा का नाही हात लावून बघितलास?"

मोबाइल खिशात ठेवला. तिने कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली.