जिभेखालची गोळी

अण्णांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी आणि डिस्चार्जचा कागद, तो सगळा इंग्रजीत. "गोळ्या वेळेवर द्या, तेलकट बंद," एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळलेले. स्टेंट बसवला म्हणजे दुखणं संपलं, असं अण्णांनी धरलं. खरं तर आम्हीही तेच धरलं.

महिन्याभरात अण्णा द्राक्षबागेत हिंडाय लागले. छाटणीचा खर्च तोंडावर होता. त्यांनी गुपचूप गोळ्या दिवसाआड करून टाकल्या. पाकीट संपेना, तेव्हा आईला संशय आला.

उपकेंद्रातल्या सिस्टर बीपी बघायला आल्या, त्यांना आईनं सांगितलं. वाटलं, त्या रागावणार. पण त्या ठिबकच्या नळीकडं बघत म्हणाल्या, "अण्णा, ही चोंदली की काय करता?"

"अ‍ॅसिड सोडतो."

"परत नाही चोंदत?"

"चोंदती की. पाण्यातच क्षार हाय."

"मग? डॉक्टरांनी एका जागी नळी मोकळी केली. आतलं पाणी तेच हाय न्हवं?"

अण्णा गप्प. स्टेंट ही बारीक तारेची जाळी. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. डॉक्टरांना विचारल्याबिगर एकही बंद करायची नाही, बरं वाटलं तरी. बिडीनं शिरा आवळतात. हे सगळं सिस्टरनी तिथंच बांधावर बसून सांगितलं. आणि सॉर्बिट्रेटचं तर दोनदा वदवून घेतलं: छातीत दाटलं की आधी बसायचं, उभ्यानं घ्यायची नाही, बीपी उतरून चक्कर येते. गोळी गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची. ५ मिनिटांत उतार पडला नाही तर १०८. पित्त म्हणून सोडा पीत बसायचं नाही.

बिडीचं बंडल असायचं त्या खिशात गोळी आली. तंबाखू मात्र चोरून चालूच होती, ते आईलाही ठाऊक होतं.

थंडीत एका रात्री अण्णा उठून बसले. कपाळावर घाम. गोळी त्यांनीच काढली. आई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी. काटा पाच घरं सरकला.

"लाव १०८," अण्णा म्हणाले.

मिरजेला पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज चालू होत्या का? अण्णांनी मान हलवली. मी आईकडं बघितलं, तिनंही हलवली.