पद्मिनीतून मार्कंड्यास

वस्तू जुनी झाली म्हणजे तिच्या वाट्यास दोनच गती येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एक मोडीची, दुसरी पूजेची. मोडीत निघालेली वस्तू डोळ्यांआड होते, पूजेस बसविलेली डोळ्यांसमोर राहते. पण कामातून दोन्ही जातात. या दोहोंखेरीज तिसरीही एक गती असते, हे आम्हास गेल्या फाल्गुनात चंद्रपूर ते मार्कंडा या प्रवासात एका मोटारीने शिकविले. ती हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

मोटार आमची नव्हे, मामींची. आमचे मामा चंद्रपुरास डॉक्टर होते. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे अशा काळात, १९७५ साली, त्यांनी ही प्रीमियर पद्मिनी घेतली आणि खेड्यापाड्यांतील रोग्यांकडे जाण्यासाठी ती रात्री-अपरात्री रानातून हाकली. आज चांद्यापासून गडचिरोली वेगळा जिल्हा आहे. पण तो झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे गाडी त्या जिल्ह्याहून सात वर्षांनी वडील! मामा निवर्तल्यापासून तिचे सारथ्य आमच्याकडे आले आहे.

या गाडीचे कुळ सांगण्याजोगे आहे. सोलापुरास १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम मोटारी निघू लागल्या. त्यांतील आरंभीच्या एका गाडीस तिच्या तोंडाच्या ठेवणीवरून लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ साली 'अकराशे डिलाइट' आली आणि तीच १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. नाव चितोडच्या राणीचे. परंतु संस्कृतात पद्मिनी म्हणजे कमळवेल, आणि कमळांचे तळेही. डुकरापासून कमळापर्यंतचा हा प्रवास दहा-वीस वर्षांत झाला, हे काय थोडे? मुंबईकरांस ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ठाऊक आहे. तेथील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीस घातलेली वीस वर्षांची मुदत भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी नाहीशी झाली.

मामींच्या पद्मिनीसही गेल्या वर्षी पन्नास पुरी झाली आणि एक पेच उभा राहिला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मान मोठा खरा. पण अशी मोटार प्रदर्शनास, शर्यतीच्या मेळाव्यास, अभ्यासास किंवा तेल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणावयाची असते. नित्याच्या वापरास ती नाही. नागपूरच्या एका हौशी गृहस्थांनी गाडी विकत मागितली. किंमत चांगली देऊ केली. तिची तशी नोंद करून ती बंगल्याच्या दर्शनी भागात ठेवण्याचा त्यांचा मानस होता. मामींचे वय सत्त्याऐंशी. औषधपाण्याचा खर्च वाढता. त्या म्हणाल्या, "एकदा मार्कंड्याचे दर्शन घडव. मग काय ते सांगेन." म्हणून आम्ही निघालो.

पहाटे गाडी चालू करणे हा एक संस्कारच आहे. प्रथम चोक ओढावा, किल्ली फिरवावी, इंजिन स्थिरावले म्हणजे चोक हळूहळू आत सारावा. घाई केली की ती खोकते आणि रुसून बसते. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार नळकांड्यांचे. गिअरचा दांडा पायाशी नाही, स्टिअरिंगच्या खालीच आहे. तो बोटांनी वरखाली करताना नवशिक्याची तारांबळ उडते. गारव्याचे यंत्र नाही. परंतु पुढील दारांस त्रिकोणी काचा आहेत. त्या तिरप्या केल्या की वारा नेमका अंगावर येतो. लिटरमागे बारा-तेरा किलोमीटर ती जाते. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. त्याने जुने रबर खराब होते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या तेवढ्या आम्ही नव्या बसविल्या आहेत. बाकी सारे मामांच्या हातचे.

जटपुरा दरवाजाजवळून गोंडराजांचा कोट मागे टाकून आम्ही मूलच्या रस्त्यास लागलो. लोहारा सोडले की रान सुरू होते. साग पानगळीने उघडा पडलेला, बांबूची बेटे पिवळी, आणि मधूनच पळस असा फुललेला, की रानात कोणी शेकोट्या पेटवून ठेवल्या आहेत असे वाटावे. हा वाघांचा मुलूख; ताडोबा जवळच. पद्मिनी पन्नासाच्या वेगाने सुखाने चालते, त्यापुढे कुरकुरते. मागून येणाऱ्या मोटारी कर्णे वाजवीत पुढे जात होत्या. चिचपल्लीच्या अलीकडे चितळांचा एक कळप रस्त्याच्या कडेस घुटमळत होता. आम्ही गाडी थांबविली. एक मादी पुढे झाली, तिने आमच्याकडे निरखून पाहिले आणि पाठोपाठ पाडसांसह सारा कळप पलीकडे गेला. "यांच्या घरातूनच रस्ता गेला आहे," मामी म्हणाल्या, "तुझे मामाही असेच थांबत." मंदगती हा दोष खरा, पण अशा वाटेवर तोच गुण ठरतो.

मूल, सावली ओलांडून भाताच्या बांध्या आणि माजी मालगुजारी तलाव लागले. या तलावांस आता संक्षेपाने 'मामा तलाव' म्हणतात. मामी हसून म्हणाल्या, "यांच्या नावाचे तलावसुद्धा आहेत की!" व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल लागला आणि गडचिरोली जिल्हा सुरू झाला. चंद्रपुराहून गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. तेथून चामोर्शी आणि मग मार्कंडा.

मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून हे क्षेत्र पवित्र. नदीच्या काठी दगडी देवळांचा समूह आहे; मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचे. भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती यांचे थरच्या थर कोरलेले आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकातच या देवळांची दखल घेतली होती. महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच उलगडली होती. त्यामुळे आवारात शांतता होती. मार्कंडेयाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. मृकंडु ऋषींचा हा पुत्र सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन आला होता. यम पाश घेऊन आला तेव्हा त्याने शिवलिंगास मिठी मारली आणि तो चिरंजीव झाला. दर्शन घेताना आमच्या मनात आले, सरकारने मोटारीस पंधराच वर्षे दिली आहेत. पुढे दर पाच वर्षांनी तपासणीच्या दारात उभे राहून तिने वाढ मागून घ्यावयाची. आमची पद्मिनी अशी कितीदा पाशातून सुटली आहे!

परतताना चामोर्शी सोडून काही अंतर आलो तोच दुपारच्या उन्हात गाडी आचके देत थांबली. आम्ही बॉनेट उघडून पाहू लागलो. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमण्याची वेळ आली. रस्ता निर्मनुष्य; मागील आसनावर वृद्ध मामी, शेजारी आमच्या सौभाग्यवती. गाडी ठेवावी की द्यावी, या प्रश्नाचे उत्तर जणू गाडीनेच दिले, असे वाटून आम्ही खिन्न झालो. इतक्यात मामींचा आवाज आला, "अरे, पेट्रोल पंपापाशी तापून त्याची वाफ झाली असेल. पंपावर ओले फडके ठेव." त्यांनी आपल्या फिरकीच्या तांब्यातील पाणी पंचावर ओतून तो आमच्या हाती दिला. आम्ही तो पंपावर गुंडाळला आणि पळसाखाली वीस मिनिटे बसलो. मग किल्ली फिरविली. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली.

मामी काही वेळ गप्प होत्या. गडचिरोली आल्यावर त्या म्हणाल्या, "त्या गृहस्थांस नाही म्हणून कळव. बसून राहिलेले गुडघे आणि बसून राहिलेली गाडी, दोन्ही धरतात. मी आहे तोवर ती चालू दे. मी गेल्यावर तुला जड झाली तर ती चालविणाऱ्यास दे, मांडून ठेवणाऱ्यास नको."

दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूरला पत्र धाडले. गाडीच्या पाटीवर मानाची अक्षरे आली नाहीत. तिचा जुना क्रमांकच राहिला. मात्र एका गोष्टीत आम्ही सुधारणा केली आहे. गाडीत पाण्याने भरलेला तांब्या आणि एक पंचा आता कायमचा असतो.