उत्तम शुक्रवारच्या आधीचा गुरुवार

आमच्या घरात भिंतीवर क्रूस नव्हता, कुणाच्या गळ्यातही नव्हता. गावच्या चर्चमध्ये पुढच्या भिंतीवर दोन फळ्यांचा साधा क्रूस होता, मूर्तीविना. नगरला १८३१ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांची ती जुनी रीत. तरीही आम्हा चुलत-आते भावंडांना कुणी विचारलं की तुम्हाला क्रूस कुठे भेटला, तर आम्ही सगळे एकच ठिकाण सांगू : आजी-आजोबांचं नेवाशाकडचं घर, आणि त्यातही दुःखसहनाच्या सप्ताहातला गुरुवार.

त्या रात्री प्रभुभोजन असे. मनात भांडण ठेवून भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा नाही, असं पाळकसाहेब आदल्या रविवारीच बजावत. ऐकणारे ऐकत आणि विसरत. आजोबा विसरत नसत. तरुणपणी म्हणे त्यांचा हात आधी काठीवर जाई आणि मग तोंड उघडे; आत्या हे सांगायची तेव्हा आम्हाला खरं वाटायचं नाही. आम्ही पाहिलेले आजोबा सप्ताह लागला की अस्वस्थ होत, कुणाचं काय बोलून गेलो ते आठवत बसत.

एका वर्षीचा गुरुवार आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांनी नांगरताना बांध हातभर आत सरकवला होता. मोजणीत आजोबांची बाजू खरी निघाली होती. तरी नाना बधेनात, आणि दोन घरांतली बोलचाल तुटली. आम्हा पोरांनाही तिकडच्या अंगणात जायची बंदी होती. त्या दुपारी आजोबा उठले, पागोटं बांधलं आणि सरळ नानांच्या पडवीत जाऊन उभे राहिले. बंदी विसरून आम्हीही मागोमाग. "नाना, बांधाचं बोलायला आलो नाही," आजोबा म्हणाले. "रातच्याला मला प्याला घ्यायचाय. तुमच्याविषयी मनात फार वाईट धरलं मी. तेवढं सोडायला आलोय." नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. चुलत आजीने चहा टाकला. बांध पुढेही तिथेच राहिला, हे मुद्दाम सांगते. जमीन परत मिळाली अशी गोष्ट करून सांगायचा मोह आमच्या काही भावंडांना होतो. पण त्या रात्री दोघे भाऊ एका सतरंजीवर बसले, आणि आजोबांच्या तोंडून बांधाची तक्रार पुन्हा कुणी ऐकली नाही.

हे बळ कुठून आलं? घरातली रात्रीची प्रार्थना आठवली की मला थोडं उमगतं. कंदील, पेटी, टाळ, ना. वा. टिळकांची भजनं, आणि पेंगणाऱ्या पोरांना कोपरखळी देणारी आजी. शुभवर्तमानातला वधस्तंभाचा भाग आला की आजोबा हळू वाचत. येशूला वेशीबाहेर नेऊन मारलं, इथे हमखास थांबत. आमचे पूर्वज महारवाड्यातले, पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर राहिलेले. ज्या जागेवर गावाने त्यांना ढकललं, तिथेच देवाचा पुत्र येऊन टांगला गेला, हे त्यांनी ऐकलं आणि त्यांची मान वर झाली. धान्यासाठी धर्म बदलला असं आमच्या लोकांविषयी सहज बोललं जातं. दुष्काळात मिशनने धान्य दिलंही. पण धान्य संपल्यावर माणसं शंभर-सव्वाशे वर्षं कशाला चिकटून राहिली, याचं उत्तर धान्यात नाही.

चिकटून राहण्याची किंमतही होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती तेव्हा हिंदूंपुरत्याच ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. थोरल्या काकांना शाळेत घालताना गुरुजींनी आजोबांना समजावलं की धर्माच्या रकान्यात दुसरं लिहा, पोराची फी वाचेल. आजोबांनी "ख्रिस्ती" लिहायला लावलं आणि फीसाठी शेळी विकली. ज्या घरांनी दुसरं लिहिलं त्यांना मी दोष देणार नाही, आजोबांनीही कधी दिला नाही. अन्याय कायद्याचा आहे, पोटासाठी लिहिणाऱ्यांचा नव्हे.

आजीला क्रूस वेगळ्या वाटेने भेटला. १९७३ च्या उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत सात उद्गारांवर बोलायला पुरुष कमी पडले. दुष्काळ होता, बरेचजण खडी फोडायच्या कामावर लांब गेले होते. चौथा उद्गार आजीच्या वाट्याला आला. पत्रा तापलेला, बायका पदराने वारा घेत बसलेल्या. आजी पाचच मिनिटं बोलली. देवा, मला का सोडलंस असं प्रभूने मोठ्याने विचारलं, गप्प राहून सोसलं नाही, एवढाच तिचा मुद्दा.

ती तो मुद्दा जगत होती हे आम्हाला पुढच्याच महिन्यात कळलं. धाकट्या आत्याला सासरी मारहाण होत होती. तिथल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं, हा तुझा क्रूस आहे, वाहा. आजी एकटी एसटीने गेली आणि आत्याला दोन्ही मुलींसकट घेऊन आली. वडीलधाऱ्यांना म्हणाली, "क्रूस ज्याचा त्याने उचलायचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर ठोकणारे ते शिपाई." या वाक्याने आमच्या घरातल्या साऱ्या मुलींची आयुष्यं बदलली. आमच्यातल्या तिघी परिचारिका झाल्या, एक वकील. माझ्या मते क्रुसाच्या नावाखाली बाईला सोसायला लावणं हा क्रुसाचा सर्वांत मोठा अपमान आहे, आणि तो आपल्या मंडळ्यांतून अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर आत्या दुपारी आम्हाला लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" वाचून दाखवायची. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा सोवळं-ओवळं न सोडणारी ही बाई काही वर्षांनी कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागते, तिथे आत्या दरवेळी आवाज चढवून वाचायची. एका बैठकीत माणूस पालटत नाही, वर्षं लागतात, याचा तिला त्यात धीर मिळत असावा. नवऱ्याला क्षमा करायला तिला खूप वर्षं लागली. क्षमा केली, पण ती परत गेली नाही. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे आम्ही तिच्याकडे पाहून शिकलो.

आज भावंडं पुणे, पिंपरी, मुंबई, मस्कत अशी पांगली आहेत. आजोबांच्या जमिनीची वाटणी आमच्याच पिढीच्या हाती आली. ख्रिस्ती कुटुंबात वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो, लेकीचा वाटा लेकाइतकाच. गावाकडे मात्र बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची पद्धत. दोन भाऊ त्यासाठी अडून बसले. बोलणं तुटायची वेळ आली, तेव्हा त्यातलाच एकजण सप्ताहातल्या गुरुवारी पुण्याहून फोन करून म्हणाला, की रात्री प्रभुभोजन आहे, कागद फाडून टाका. दुसऱ्याचा राग अजून गेलेला नाही. पण सातबाऱ्यावर आत्याच्या दोन्ही मुलींची नावं लागली आहेत, आणि ईस्टरच्या जेवणाला तोही येतो.