विहिरीतला ठाव

पुण्यात काय नाही, असे विचारले तर पुणेकर जरा अडखळेल आणि नाइलाजाने 'समुद्र' म्हणेल. पण तेही पुरते कबूल करणार नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी ती निघाली. तिथल्या आवारात बंदरांचे लहान नमुने बांधून त्यांत भरती-ओहोटी खेळवतात. पलीकडे धरणाच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. तेव्हा आमच्या एरंडवण्यातल्या गल्लीत एका बंगल्याच्या अंगणात होडी उभी राहिली, याचे फार आश्चर्य वाटू नये.

होडी भाऊकाकांची. आयुष्यभर बँकेत शिल्लक जुळवली आणि निवृत्तीनंतर अलिबागला ही अठरा फुटी शिडाची होडी जुनी म्हणून विकत घेतली. पावसाळ्यात ती डागडुजीसाठी घाट चढून पुण्याला आली. दिवाळीनंतर परत जायची, ट्रकही ठरलेला. अडले होते ते एका यंत्रावर.

होडीच्या मागच्या फळीला, पाण्याखाली राहील असा एक लहानसा डबा असतो. तो आवाजाचे ठोके खाली सोडतो, तळावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि पाणी किती खोल आहे ते पडद्यावर दाखवतो. गेल्या वर्षी या यंत्राच्या भरवशावर काका नातवाला घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले आणि ओहोटीत वाळूवर रुतले. भरती येईपर्यंत सहा तास. काकू किनाऱ्यावर उभ्या. "यंत्र तपासल्याशिवाय पोर होडीत चढणार नाही," हा त्यांचा निकाल होता.

आणि अंगणात यंत्र सुरू केले, तर पडद्यावर नुसत्या तीन आडव्या रेघा!

"मेलं ते," काका म्हणाले. मी डब्याला कान लावला. आत टक् टक् टक् असा बारीक आवाज येत होता. आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी समजावले की या यंत्राचा स्वर आपल्या कानाच्या आवाक्याबाहेरचा असतो. ऐकू येते ती नुसती ठोक्याची टिचकी. डबा पाण्यासाठी घडवलेला. हवेत त्याचा आवाज नीट उतरतच नाही आणि उतरला तेवढाही लवकर विरतो. शिवाय पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेत ३४० च्या आसपास. म्हणजे भिंतीवरून एखादा प्रतिध्वनी आलाच, तरी आकडा चौपटीहून मोठा दिसेल. होडी कोरडी असताना रेघा दिसणे, हा काही दोष नव्हे.

बादलीत बुडवून पाहिले. तरी रेघाच. ठोका दिल्यावर देवळातल्या घंटेसारखा तो डबा क्षणभर घुमत राहतो, त्यामुळे इतक्या जवळचा प्रतिध्वनी त्याला ऐकूच येत नाही.

मग मला शेजारच्या आजींची विहीर आठवली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा गल्लीने या विहिरीवर रांगा लावल्या होत्या, असे आजी सांगतात. पुढे अशा कित्येक विहिरी बुजल्या. आजींनी हिच्यावर जाळी घातली, पण बुजवू दिली नाही. "समुद्राचं यंत्र आणि माझी विहीर?" असे म्हणून त्यांनी कुलूप काढून दिले.

आधी जुन्या पद्धतीने ठाव घेतला. दोरीला शिशाचे वजन बांधून खाली सोडले. पूर्वीचे तांडेल दोरी दोन्ही हात पसरून वावांनी मोजत. काकांनी वाव मोजले ते तीन आणि थोडे. टेपने भरले ५.६ मीटर. ('ठाव लागत नाही' हे आपण माणसांच्या मनाविषयी रोज म्हणतो, दोरी हातात धरून ते म्हणायची वेळ मराठीच्या मास्तरावर क्वचित येते.) मग डबा बांबूला बांधून पाण्यात धरला. रेघा लुकलुकल्या आणि आकडा उमटला: ५.३.

आजींनी टाळी वाजवली. काका मात्र गंभीर. "तीस सेंटिमीटरची तूट, मास्तर. वजन गाळात रुतलं असेल?"

बांबू वर काढला. डब्याच्या वर तो हातभर ओला होता. मोजला, तर तीस सेंटिमीटर. यंत्र मोजत होते ते स्वतःच्या खालचे पाणी. वरच्या पाण्याशी त्याला काय देणे-घेणे?

काका काही न बोलता टेप घेऊन होडीकडे गेले. डबा बसतो ती खूण आणि होडीच्या कण्याचे खालचे टोक, यांतले अंतर भरले ७० सेंटिमीटर. म्हणजे पडद्यावर ०.७ दिसते तेव्हा कणा वाळूला टेकलेला असतो.

"रुतलो तेव्हा पडद्यावर किती होतं?" मी विचारले.

"शून्य दशांश सात," काका म्हणाले. "मी समजत होतो, होडीखाली अजून तेवढं पाणी आहे. वर्षभर यंत्राला शिव्या दिल्या."

संध्याकाळी पाहिले, तर पडद्याच्या कडेला त्यांनी लाल रंगाने, खतावणीतल्या अक्षरात लिहिले होते: 'वजा ७०'. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, टेप मागून अंतर स्वतः मोजले, आणि मग आत जाऊन नातवाला बोटीवरचे बूट कुठे ठेवलेत ते विचारू लागल्या.